घर असलेल्या बायकांची भिशी

पैसे घेऊन पळणारी बाई कशी दिसते, हे नऊ वर्षं भिशी चालवूनही मला ओळखता आलं नाही. माझी समजूत अशी, की ती भाड्याच्या खोलीत राहत असेल. टाइल्स लावलेल्या दुमजली घरात, दारासमोर रोज रांगोळी काढणारी बाई पळेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, आम्ही वीस जणी होतो. महिन्याच्या पाच तारखेला दुपारी चारला माझ्या हॉलमध्ये जमायचं आणि प्रत्येकीने पाच हजार टाकायचे. जमलेल्या पैशातून जिला नड असेल तिने दोन टक्क्यांनी उचल घ्यायची. वसुबारसेला भिशी फोडायची, म्हणजे सगळ्यांना मुद्दल आणि वर व्याजाचा वाटा हातात द्यायचा. कागद नाही, स्टॅम्प नाही, एक वही तेवढी. त्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नवऱ्याने, वासुदेवरावांनी, नियम लिहून दिले होते. छत्तीस वर्षं शाळेत लिपिक होते ते. अक्षर असं, की लग्नपत्रिकेवर छापावं.

पहिला नियम, पाच तारीख चुकली तर पन्नास रुपये दंड. दुसरा, उचल घेणारीने काय कामासाठी घेते ते सगळ्यांसमोर सांगावं. तिसरा, भाडेकरूंना भिशीत घेतले जाणार नाही.

हा तिसरा नियम माझा. दुसऱ्या वर्षी एक भाडेकरू बाई चौदा हजार बुडवून नवऱ्याच्या बदलीबरोबर गेली होती, आणि ते चौदा हजार मी माझ्या घरखर्चातून भरले होते. तेव्हाच ठरवलं, यापुढे घर असलेलीच बाई घ्यायची. घर काही डोक्यावर घेऊन पळता येत नाही. हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा म्हटलं, की बायका माझ्याआधीच पूर्ण करायच्या.

दोन वर्षांपूर्वी सुंदरा आली होती. आमच्या मागच्या गल्लीत चंद्रभानच्या चार खोल्या आहेत, त्यातल्या एकीत ती राहते. गिरडकडच्या गोंडाच्या घरची. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करते, नवरा पुनाजी मिस्त्रीच्या हाताखाली जातो. रुमालात बांधलेल्या पाचशेच्या दहा नोटा तिने माझ्यासमोर सोडल्या आणि म्हणाली, मलेही घ्या भिशीत, पोरीच्या नर्सिंगसाठी जमवून राह्यली. मी चहा केला. चांगल्या घरातली बाई नकार देते तसा चहा पाजून नकार दिला.

“घर नसलं म्हणजे मानूस पयून जाते काय, काकू?” तिने विचारलं.

“तुझ्याबद्दल नाई म्हणत मी, सुंदरा. पण नियम म्हणजे नियम.”

तिने चहा अर्धाच घेतला. जाताना कप स्वतः मोरीत नेऊन विसळून ठेवला, आणि मीही ठेवू दिला. बाकीच्या एकोणीस जणींचे कप नऊ वर्षं मी धुतले आहेत.

मोहिनी त्या एकोणीस जणींत सगळ्यात लाडकी. आल्याबरोबर हॉलमध्ये हसू पसरायचं. कोथिंबिरीची सांबारवडी करावी तर तिनेच, आणि डबा आणावा तर फक्त माझ्यासाठी वेगळा. मला ताई म्हणायची, यांना भाऊजी. नवऱ्याचा टाइल्सचा धंदा, म्हणून घरभर टाइल्स, बाहेरच्या ओट्यालासुद्धा. मागच्या वर्षी तिने तीन लाखांची उचल घेतली. धंद्यात माल अडकला होता. वसुबारस आली तरी ती रक्कम परत आली नाही. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली, आणि म्हणाली की सगळ्यांना कळलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही, संक्रांतीपर्यंत थांबा.

आणि मी थांबले. नुसती थांबले नाही, तर भिशी वेळेवर फुटावी म्हणून एका खाजगी सावकाराकडून तीन लाख चार टक्क्यांनी आणले, सगळ्यांना वाटले आणि वरून चिवडा खाऊ घातला. यांना सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. माझ्या भिशीत एक रुपयाही मागेपुढे होत नाही, असं लेआउटमध्ये म्हटलं जायचं, आणि ते ऐकायची मला चटक लागली होती. मग या वर्षी मोहिनी म्हणत आली, की धंदा आता उभा राहिला तर मागचेही तीन लाख निघतील, तेव्हा मी तिला पुन्हा उचल दिली. पुन्हा, आणि पुन्हा. मागचे बुडू नयेत म्हणून पुढचे देत गेले. शहाणी बाई असं करत नाही हे मला आता कोणी सांगू नये.

नवरात्राच्या सातव्या माळेला मोहिनीच्या फाटकावर एका फायनान्स कंपनीची नोटीस लागली. त्याखाली दुसऱ्या दिवशी आणखी एका कंपनीची. घर दोन ठिकाणी गहाण. दाराला कुलूप, फोन बंद, ओट्यावर परवाची रांगोळी तशीच. कोणी म्हणे रायपूरला गेले, कोणी म्हणे सुरतेला. माझ्या वहीत तिच्या नावावर या वर्षाचे नऊ लाख होते.

संध्याकाळी अठरा जणी माझ्या हॉलमध्ये. मी त्यांना दोष देत नाही, पैसा त्यांचाही घामाचाच होता. एकीला मुलीची कॉलेजची फी भरायची होती, एकीला नवऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं होतं. पोलिसात जाऊ, असं एक जण म्हणाली. तर दुसरी म्हणाली, ते पहिले कागद मागतील, कुठे आहे आपल्याकडे कागद? मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हणणार होते की मला वर्षभर मुदत द्या. हप्त्याहप्त्याने देते, ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल लावते, यांची पेन्शन आहे, कसंही करून देते. तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात हे आतून आले. चष्मा कपाळावर, हातात पेपर. आयुष्यात कधी बायकांच्या बैठकीत न आलेला माणूस हॉलच्या मधोमध उभा राहिला.

“जोवर हे घर उभं आहे, तोवर तुमच्यापैकी एकीचाही पैसा बुडत नाही. वसुबारसेला या. व्याजासकट घेऊन जा.”

असं म्हणून ते आत गेले. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांची पत्रं टाइप करणाऱ्या माणसाला एकदा स्वतःच्या सहीचं वाक्य बोलायला मिळालं, आणि त्याने त्यात घर देऊन टाकलं. बायकांच्या चेहऱ्यावर लगेच रंग आला. दोघीतिघी तर माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. काकाजी म्हणजे देवमाणूस, म्हणाल्या.

दार लागल्यावर मी देवमाणसावर तुटून पडले. म्हटलं, घर दोघांच्या नावावर आहे, बोलायच्या आधी मला विचारलं होतं काय? ते म्हणाले, लोकांनी आपल्या दारात उभं राहून शिव्या दिलेल्या चालल्या असत्या का तुला? मला नसत्या चालल्या, आणि हे त्यांना माहीत होतं. मग मी त्यांना सावकाराचे तीन लाख सांगितले, जे थोडंफार व्याज भरूनही आता चार झाले होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, “अजून काही आहे का?” त्यापेक्षा त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

हिशोब सोपा होता. भिशीचे नऊ लाख, सावकाराचे चार, घराच्या कर्जाचे बँकेत उरलेले सहा. एकोणीस लाख. आमच्या लेआउटमध्ये तशा घराला तीस मिळत होते, दोन महिने थांबलं तर एकतीस. आम्हाला थांबायचं नव्हतं, वसुबारस अठरा दिवसांवर होती. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, विकून टाका, एवढं मोठं घर तुम्हा दोघांना हवं कशाला. आमच्याकडे या, असं काही तो म्हणाला नाही. आम्हीही तो विषय काढला नाही.

बबनराव नावाचा दलाल लावला. माणूस तोंडाचा फाटका, पण कामाचा. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने वडनेरचे एक शेतकरी आणले. त्यांच्या मुलाला वर्ध्यात नोकरी लागली होती आणि त्यांना तयार घर हवं होतं. त्यांनी सगळं घर हिंडून पाहिलं, नळ सोडून पाहिले, गच्चीवर उड्या मारून पाहिल्या. अंगणातल्या सीताफळाला लागलेली फळं मोजली आणि हसले. एकोणतीस म्हणाले. बबनरावने मला डोळ्याने खुणावलं की झालं काम. जाताना त्यांनी शेजारी पाणी मागितलं, चांगली माणसं आहेत का आजूबाजूला हे बघायला. शेजारीण आमच्या भिशीतली. तिने त्यांना पाणी दिलं, चहाही दिला, आणि अगदी मायेने सांगितलं की भाऊ, लवकर व्यवहार करून टाका, त्याहीले दिवाळीच्या आत पैसे पाह्यजेत, लय अडचणीत आहेत बिचारे.

माझं काम लवकर व्हावं म्हणूनच सांगितलं तिने. हे मला पुढे तिनेच अभिमानाने ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी वडनेरकर चोवीसवर आले. पुढचं गिऱ्हाईक तेविसापासूनच सुरू झालं. एकाने तर दारातच विचारलं, ते भिशीवालं घर हेच ना? अठरा बायका, अठरा घरं, प्रत्येक घराच्या दोन-चार ओळखी. सगळ्या आपापल्या परीने माझ्यासाठी गिऱ्हाईक शोधत होत्या, आणि प्रत्येकीने शोधलेल्या गिऱ्हाइकाला आधीच माहीत असायचं की आमच्याकडे किती दिवस उरले आहेत. बबनराव एके दिवशी फाटकात उभा राहून वैतागून म्हणाला, “बाई, घर मी विकून राह्यलो का तुमच्या बाया विकून राह्यल्या?”

भाव जितका खाली यायचा तितके या बायकांचे फोन जास्त यायचे. जमलं का काकू? कोणी आलं का काकू? माझ्या घराची किंमत पडावी असं त्यांच्यातल्या एकीलाही वाटत नव्हतं. फक्त त्यांचे साठ हजार मुद्दल आणि पाच हजार व्याज, असे पासष्ट हजार त्यात नक्की बसतात ना, एवढीच त्यांना खात्री हवी होती. बावीसलाही बसत होते.

बावीस म्हटलं दीपमालाने.

दीपमाला आमच्या भिशीतली सगळ्यात लहान, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिचा नवरा रूपराव प्लॉटचे व्यवहार करतो. ती एकटीच दुपारी आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “काकू, बाहेरचा मानूस वीसच्या वर येणार नाई आता. आमच्याजवळ रोख हाय. उद्या इसार, आठ दिवसांत रजिस्ट्री. घर आपल्यातच राहीन.”

आपल्यातच. चार वर्षांपूर्वी तिला पहिली उचल मी दिली होती, पन्नास हजार, रूपरावचा पहिला प्लॉट घ्यायला. तिने ती वेळेवर फेडली होती, तेव्हा मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. यांना आत जाऊन विचारलं. ते खिडकीशी उभे होते. म्हणाले, मी शब्द दिला आहे. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिला, तीसच्या घरातले आठ लाख मी देऊन राह्यली.

बाहेर येऊन मी हो म्हटलं. दीपमालाने लगेच पर्समधून मोबाइल काढला आणि आकडेमोड करून म्हणाली, भिशीतले माझे पासष्ट हजार यातूनच कापून घेऊ ना काकू, उगाच तुम्ही द्या न मी घ्या कशाले?

रूपरावने इसाराचे सहा लाख सरळ बँकेत भरून घराचे कागद सोडवले. तो कामाचा माणूस आहे, आठ दिवस म्हणाला होता, सातव्या दिवशी रजिस्ट्री लागली. निबंधक कार्यालयात बाकावर आमचा नंबर यायची वाट बघत बसलो. साक्षीदार म्हणून भिशीतल्याच दोघी आल्या होत्या, चांगल्या साड्या नेसून. माझा फोटो काढताना तिथला माणूस म्हणाला, जरा सरळ बघा मॅडम. अंगठा मशीनवर टेकवला. तो उमटला नाही. पुन्हा टेकवला, पुन्हा नाही. शिवणकाम करणाऱ्यांचे कधीकधी उमटत नाहीत, तो म्हणाला. चौथ्या वेळी उमटला. त्या तीन वेळात मला वाटून गेलं होतं की बरं झालं, होतच नाही म्हणजे बरं झालं. असं कधी थांबत नसतं.

वसुबारसेच्या दिवशी माझ्या हॉलमध्ये, म्हणजे तोपर्यंत दीपमालाच्या झालेल्या हॉलमध्ये, मी सगळ्यांना बोलावलं. घर रिकामं करायला तिने दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. मी पैठणीच्या खालोखालची माझी चांगली साडी नेसले. वही उघडली. एकेकीचं नाव वाचलं, एकेकीच्या हातात पासष्ट हजार दिले आणि वहीत सही घेतली. मनात कुठेतरी वाटत होतं, एखादी तरी म्हणेल, काकू, मुद्दल द्या, व्याज राहू द्या. पाच हजारांनी कोणी श्रीमंत होणार नव्हतं. एकीनेही म्हटलं नाही. मोतीबिंदूवाली तर नोटा दोनदा मोजून म्हणाली, यात एक फाटकी आहे, बदलून द्या. मी बदलून दिली.

पण जाताना सगळ्या म्हणाल्या, काकू म्हणजे काकू. अशी बाई बघितली नाही. घर विकून पैसा दिला, पण शब्द राखला. आणि खरं सांगते, माझी छाती भरून आली. एवढं सगळं होऊनही मी त्या शब्दांनी हुरळले. घर गेलं पण नाव राहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. नावासाठीच तर घर दिलं होतं. यांनी दिलं असेल शब्दासाठी, मी दिलं ते या अठरा जणींत पुन्हा ताठ मानेने बसता यावं म्हणून.

सगळ्या गेल्यावर दीपमाला मागे राहिली. म्हणाली, काकू, ती वही द्या ना मले. हिशोब कसा मांडायचा ते शिकून घेईन म्हणते. मी दिली. घर दिल्यावर वहीचं काय घेऊन बसायचं.

बँक, भिशी, सावकार, बबनरावची दलाली, सगळं भागून हातात तीन लाखांपेक्षाही कमी राहिले. त्यात भाड्यानेच राहायचं होतं. हे म्हणाले, शहरात जाऊ, कोणी ओळखणार नाही. मी म्हटलं, मी चोरी नाही केली, मी कुठेही जाणार नाही. मागच्या गल्लीत चंद्रभानच्या चारपैकी एक खोली रिकामी होती. ती घेतली. सुंदराच्या शेजारची.

सामान हलवलं त्या दिवशी सुंदराने विचारलं नाही की काय झालं. तिला माहीतच होतं. पुनाजी येऊन आमचं कपाट उचलू लागला आणि ती म्हणाली, नळाले सकाळी सातलेच पानी येते काकू, बादल्या आधीच लावून ठेवत जाजा. एवढंच. तिने टोमणा मारला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दिवाळी गेली. नवीन भिशी सुरू होणार हे मला जुन्या घराच्या शेजारणीकडून कळलं, बोलावणं म्हणून नाही, सहज बोलण्यात. मला वाटलं, बोलवायची गरज काय, पाच तारीख चार वाजता हे मीच तर ठरवलं आहे. मी ब्लाउजांचे पैसे साठवून पाचशेच्या दहा नोटा तयार ठेवल्या होत्या. हे म्हणाले, आता तुला भिशी कशाला हवी? मी म्हटलं, मला पैशासाठी नको आहे. त्यांना ते कळलं. माझ्या साडीचा पदर मागून नीट करून दिला, जे त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

पाच तारखेला मी चारला दहा मिनिटं कमी असताना निघाले. फाटकाची कडी थोडी उचलून सरकवावी लागते, ती मी सवयीने उचलली. हॉलचा रंग तोच होता. मी जिथे बसायचे त्या खिडकीजवळच्या जागी दीपमाला बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी वही होती. तिच्याशिवाय एकोणीस जणी होत्या, मोहिनीच्या जागी कोणी नवी, माझ्या जागीही कोणी नवी. मला बघून सगळ्या या काकू, या काकू म्हणाल्या. मला खुर्ची दिली. बाकी सगळ्या खाली सतरंजीवर बसल्या होत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी पर्समधून नोटा काढून पुढे केल्या. कोणी हात पुढे केला नाही. एक जण सतरंजीचा धागा ओढत बसली. शेवटी दीपमालाने वहीचं पहिलं पान उघडलं आणि वही माझ्याकडे फिरवून धरली, जशी डॉक्टर रिपोर्ट धरतो.

“काकू, वाईट नका मानू. तुमच्याबद्दल कोणाच्याच मनात काही नाई. पन तिसरा नियम हाय ना. काकाजीच्याच अक्षरात हाय.”

यांचं अक्षर खरंच सुंदर आहे. भाडेकरूंना भिशीत घेतले जाणार नाही. ‘नाही’च्या वेलांटीला त्यांनी एक छोटी शेपूट काढली होती.

मी अठरा जणींकडे बघितलं. ज्यांना मी पंधरा-वीस दिवसांपूर्वी याच हॉलमध्ये घर विकून पैसे मोजून दिले, त्यांच्यातली एकही वर बघेना. मला म्हणायचं होतं, अगं, पळाली ती घर असलेली होती. मला म्हणायचं होतं, हे घर विकून आलेले पैसे तुमच्याच पर्समध्ये आहेत. आणि सुंदराचा प्रश्न तर ओठांपर्यंत आला होता, घर नसलं म्हणजे माणूस पळून जातो का? तो मी विचारला नाही. त्याचं उत्तर मला माहीत होतं, मीच दिलं होतं.

मी नोटा परत पर्समध्ये ठेवल्या आणि म्हटलं, बरोबर आहे, नियम म्हणजे नियम. कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला, तो ऐकू आला. दीपमाला माझ्यामागे फाटकापर्यंत आली आणि रिकाम्या हाती पाठवायला नको म्हणून एका पिशवीत चार सीताफळं घालून दिली. तुमच्याच झाडाची आहेत काकू, म्हणाली. मी घेतली. घ्यायला नको होती, पण माझे हात त्या वेळी काय करत होते ते मला कळत नव्हतं.

मागच्या गल्लीत नळाशी सुंदरा भांडी घासत बसली होती. इतक्या लवकर कशा आल्या, म्हणाली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, हात धुतले आणि आपल्या खोलीचं दार पूर्ण उघडलं.

“बसा. चाय मांडतो.”

तिच्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले. भिंतीवर नर्सिंगचा पांढरा पोशाख घातलेल्या पोरीचा फोटो होता. म्हणजे आमच्या भिशीवाचून तिचं अडलं नव्हतं. पाचशेच्या दहा नोटा माझ्या पर्समध्ये होत्या आणि सीताफळांची पिशवी पायाशी. चहा मला अर्धाच गेला. उठताना मी कप मोरीवर नेऊन विसळून ठेवला, आणि तिनेही ठेवू दिला.